वेध लागणे, वेध घेणे

आषाढ जवळ आला की वारीचे वेध लागतात, एप्रिल सरत आला की गावचे. संशोधक धूमकेतूचा वेध घेतो, समीक्षक कादंबरीचा. आमदार विधानसभेत लक्षवेधी मांडतात, कुलाब्याची वेधशाळा पावसाचा अंदाज देते. आणि चंद्रग्रहण असलं की स्वयंपाकघरातून विचारणा होते, ‘वेध कधीपासून? त्याआधी जेवणं उरकायला हवीत.’ एका शब्दाने ही एवढी कामं अंगावर घेतली आहेत. त्यांतली दोन मला महत्त्वाची वाटतात, कारण ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपण धरून चाललो आहोत. वेध घेणं हे खगोलशास्त्राचं काम आणि वेध पाळणं हे धर्माचं, अशी ती वाटणी. शब्द मात्र दोघांचा एकच आहे आणि तो उगाच एक झालेला नाही.

मूळ धातू ‘व्यध्’. टोचणं, भोसकणं, बाणाने भेदणं हा त्याचा अर्थ. त्याच्यातूनच व्याध आला, म्हणजे शिकारी. रात्रीच्या आकाशातल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याचं आपलं नावही व्याधच. जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून वर पाहिलं की मृगाचा चौकोन दिसतो. त्याच्या पोटात एका ओळीत तीन तारे आहेत, तो मृगाला लागलेला बाण. ती ओळ डावीकडे खाली तशीच वाढवत नेली की नजर व्याधापाशी पोचते. कथा म्हणते, शिकाऱ्याने बाण मारला. आकाशात शिकारी आणि बाण खरोखरच जवळजवळ एका रेघेत आहेत. ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी आधी आकाश नीट पाहिलं होतं, एवढं त्यावरून उघड आहे.

खगोलातला वेध हीच रेघ, उलट दिशेने मारलेली. दुर्बीण येण्याआधी आपल्या ज्योतिष्यांकडे जी साधनं होती त्यांत नलिकायंत्र होतं, म्हणजे एक पोकळ नळी. गणिताने ग्रहाची जागा काढायची, त्या दिशेला आणि त्या उंचीला नळी पक्की बांधायची आणि वेळ झाली की तिला डोळा लावायचा. गणित बरोबर असेल तर ग्रह नळीच्या तोंडाशी येणार, चुकलं असेल तर नुसतं आकाश दिसणार. हा वेध. नजर बाणासारखी सोडायची आणि ती लागली की नाही ते तिथल्या तिथे कळायचं. अमुक अंश अमुक कला असा आकडा नंतर कागदावर येतो, आधी नेम असतो.

आता धर्मातला वेध. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी. प्रहर म्हणजे ढोबळमानाने तीन तास. या काळात जेवायचं नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी यांना सूट. याला वेध का म्हणायचं? कारण इथेही भेदणंच आहे, फक्त ते काळाचं आहे. ग्रहण अजून व्हायचं आहे, पण ते मागे येऊन आधीचे प्रहर भेदतं. तो काळ ग्रहणाने ‘विद्ध’ होतो. सुट्टीचे वेध लागतात तेव्हा तरी दुसरं काय होतं? सुट्टी अजून आलेली नसते, पण ती आजच्या दिवसात घुसलेली असते. रोजच्या बोलण्यातला हा वाक्प्रचार ग्रहणाच्या पाळणुकीतून आला आहे, आणि मला तो मराठीतल्या फार सुंदर वाक्प्रचारांपैकी एक वाटतो.

ग्रहण या शब्दाचं घराणं तर अगदी आपल्या अंगणातलं आहे. ‘ग्रह्’ म्हणजे पकडणं. ग्रह हा पकडणारा, ग्रहण ही पकड. शास्त्रात तो ग्रह राहिला, पण लोकांच्या जिभेवर त्याचा गिऱ्हा झाला. कोकणात विहिरीत, डोहात राहून माणसाला आत ओढणारं भूत म्हणजे गिऱ्हा. ग्रहणाचं गिऱ्हाण झालं. ग्रहण लागलं की ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी गल्लोगल्ली फिरायची, ती ऐकलेली माणसं अजून आहेत. आणि माल पकडणारा, म्हणजे घेणारा, तो ग्राहक. त्याचं गिऱ्हाईक झालं. वाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक आणि आकाशातलं गिऱ्हाण ही सख्खी भावंडं.

ग्रहणात सूर्याला पकडतं कोण, या प्रश्नावर आपल्याकडे झालेला वाद मात्र पुरेसा सांगितला जात नाही. आर्यभटाने ४९९ साली सरळ लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. वराहमिहिरानेही राहू हे कारण नव्हे असं सांगितलं. मग ६२८ साली ब्रह्मगुप्त आला. गणितात तो कुणालाही हार जाणारा नव्हता. ग्रहणाचं गणित त्याने सावलीचंच केलं, अचूक केलं, आणि तरीही राहू नाकारणाऱ्यांना खडसावलं. राहू नसेल तर श्रुती-स्मृतींनी सांगितलेल्या, लोकांनी पिढ्यान् पिढ्या केलेल्या स्नानदानाचं काय, असा त्याचा सवाल होता. चारशे वर्षांनी इथल्या शास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या अल्-बिरूनी या विद्वानाला हे कोडं पडलं. एवढा जाणकार माणूस असं का लिहील? त्याला लोकांच्या समजुतींविरुद्ध बोलून जीव गमावलेल्या सॉक्रेटिसची आठवण झाली. लोकांच्या भयाने लिहिलं असावं असा त्याचा तर्क.

मला भयाचा तर्क पटत नाही. भ्यालेला माणूस गणितही झाकून ठेवतो. ब्रह्मगुप्ताने ते उघड मांडलं. त्याला दोन्ही हवं होतं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी, स्वतःचं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं म्हणून सांगणाऱ्या आपल्या भास्कराचार्यांनी, सिद्धान्तशिरोमणीत याची सांधजोड केली. राहू वराच्या बळावर पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो; चंद्राच्या बिंबात शिरतो आणि सूर्याला झाकतो. म्हणजे झाकणारं बिंब गणिताचं, त्यात बसलेला राहू श्रद्धेचा. याला कुणी पळवाट म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण या सांधजोडीत सावलीचा आकार, चंद्राचं अंतर, ग्रहणाची वेळ यांतलं काहीही राहूसाठी बदललेलं नाही. उलट राहूलाच बदलावं लागलं. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू ही नावं मिळाली. सुमारे १८.६ वर्षांत उलट्या दिशेने एक फेरा पुरा करणारा हिशेबातला एक बिंदू, हे त्या राक्षसाचं आजच्या पंचांगातलं रूप.

ग्रहणाच्या टप्प्यांची नावं पाहा. बिंबाला सावली टेकली की स्पर्श. पूर्ण झाकलं की संमीलन, म्हणजे डोळा मिटणं. उघडू लागलं की उन्मीलन. आणि सावली पूर्ण सुटली की मोक्ष. मोक्ष अमुक वाजून अमुक मिनिटांनी, असं दिनदर्शिकेच्या पानावर छापलेलं असतं. अध्यात्मातला सगळ्यांत मोठा शब्द तिथे घड्याळाच्या काट्याशेजारी बसलेला आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटण्याचं कारणही नाही. ‘मुच्’ म्हणजे सुटणं, चंद्र सुटला.

वेधाचा आणखी एक धार्मिक अर्थ आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा. काही महिन्यांत दिनदर्शिकेवर एकादशी दोनदा दिसते: आदल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. वारकरी घरांत दुसरी. का? सूर्योदयापूर्वी चार घटका, म्हणजे शहाण्णव मिनिटं, अरुणोदय मानतात. त्या वेळी दशमी अजून संपलेली नसेल तर त्या एकादशीला दशमीचा वेध झाला. ती विद्धा, वैष्णवांना चालत नाही. आता दशमी संपते कधी? चंद्र सूर्याच्या पुढे जाऊन त्यांच्यात १२० अंशांचं अंतर पडतं तेव्हा शुद्ध दशमी संपून एकादशी लागते. म्हणजे एखाद्या खेड्यातल्या माळकरी माणसाने आज उपास करायचा की उद्या, हे चंद्र त्या १२० व्या अंशावर अरुणोदयाच्या आधी पोचला की नंतर, यावर ठरतं. श्रद्धेने स्वतःला इतक्या बारीक मापात बांधून घेतलं होतं. माप चुकलं तर व्रत चुकलं.

आणि माप चुकत होतं. गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव लिहिला. ते कोकणातले, जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. नावातच लाघव, ज्या आणि चाप यांच्या क्लिष्ट कोष्टकांना हात न लावता ग्रहांची गणितं करून देणारा हा ग्रंथ. महाराष्ट्रातली पंचांगं त्यानंतर शतकानुशतकं त्याच्यावर चालली. पण गणेशांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. निरनिराळ्या सिद्धान्तांनी येणाऱ्या ग्रहांच्या जागा प्रत्यक्ष आकाशाशी ताडून त्यांनी कुठे किती फरक पडतो ते नोंदवलं, आणि पुढच्या काळात ग्रह पुन्हा ढळलेले दिसतील तेव्हा त्या काळच्या गणकांनी वेध घेऊन दुरुस्ती करावी, असं सांगून ठेवलं. बापाचं हे सांगणं नंतरच्या पंचांगकर्त्यांनी बाजूला ठेवलं आणि मुलाचा सोपा ग्रंथ तेवढा हाती धरला.

एकोणिसाव्या शतकात ग्रहलाघवी तिथी आणि खरा चंद्र यांच्यात काही घटकांचा फरक पडत होता. तो दाखवला केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक, टिळकांचे गुरू. १८६० साली त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापून आली. आणखी पाच वर्षांनी त्यांच्या गणिताने पटवर्धनी पंचांग निघू लागलं. विरोधकांचं ब्रीद होतं ‘बाणवृद्धी रसक्षय’. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. तिथी साठ घटकांहून फार तर पाच घटका वाढेल, फार तर सहा घटका घटेल, असं परंपरा मानते, सबब याच्या बाहेर जाणारं पंचांग अशास्त्रीय, असा त्यांचा मुद्दा. खरा चंद्र हे जुमानत नाही. त्याचा वेग इतका बदलतो की तिथी कधी जवळजवळ सदुसष्ट घटकांची होते, कधी पन्नासच्या आसपास येते. म्हणून नव्यांचं उलट ब्रीद ‘सप्तवृद्धी दशक्षय’. पंतोजींच्या भांडणासारखं हे ऐकू येईल, पण त्यात पणाला लागलं होतं काय ते लक्षात घ्यावं: एकादशी आज की उद्या, श्राद्ध कोणत्या दिवशी.

या वादात दोन्ही बाजूंच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे दृक्प्रत्यय. दृक् म्हणजे पाहणं. प्रत्यय म्हणजे खात्री, विश्वास. आजही आपण ‘प्रत्यय आला’ म्हणतो ते याच अर्थाने. गणित दृक्प्रत्ययाला उतरलं पाहिजे, म्हणजे डोळ्याने पटलं पाहिजे. श्रद्धा आणि खगोल यांचं नातं सांगायला मला याहून नेमका शब्द ठाऊक नाही. नव्यांनी धर्म मोडा असं म्हटलं नाही. ते म्हणाले, धर्माचं काम बरोबर वेळी व्हायला हवं असेल तर आकाशाकडे पाहा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा जो इतिहास मराठीत लिहिला, त्याच्या पानापानांतून हीच तळमळ दिसते. १९०४ साली पंचांगशोधनासाठी मुंबईला परिषद भरली, टिळक त्यात अग्रभागी होते. एकमत झालं नाहीच. राशिचक्राचा आरंभ नेमका कुठल्या बिंदूपासून धरायचा यावर चार अंशांचा फरक राहिला, आणि त्यामुळे टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिन्याच्या काही वर्षी गणपती इतरांच्या एक महिना आधी बसतो. कोकणात हे आजही घडतं. शेजारी अजून माती मळतोय आणि आपल्याकडे विसर्जन झालं, हे त्या चार अंशांचं देणं.

पाहणं सुटलं की शब्दाचं काय होतं, ते संक्रांतीकडे पाहून कळतं. संक्रांत म्हणजे सूर्याचं एका राशीतून दुसरीत जाणं, नुसतं ओलांडणं. मकरसंक्रांत हा तिळगुळाचा गोड सण, आणि तरी ‘त्याच्यावर संक्रांत आली’ म्हणजे अरिष्ट आलं. बऱ्याच जणांकडून याचं कारण पानिपत असं ऐकायला मिळतं: १४ जानेवारी १७६१, संक्रांतीचा दिवस, तिथून हा वाक्प्रचार. ही व्युत्पत्ती मनाला लागते, पण आकाश तिला साथ देत नाही. आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशींवर ठरते आणि इंग्रजी तारखा ऋतूंवर, त्यामुळे संक्रांतीची तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आणखी शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतावर तोफा सुटल्या तो दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. त्या वेळी संक्रांत होऊन चारेक दिवस उलटले होते. वाक्प्रचाराचं मूळ मला पंचांगातल्या संक्रांतिदेवीत दिसतं. दर वर्षी तिचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र सांगतात. ती जे धारण करते ते महागतं, जिकडे पाहते तिकडे पीडा. ती देवी मनात राहिली, सूर्य निसटला. उत्तरायणही तसंच. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि आपण ते जानेवारीच्या मध्यावर साजरं करतो. सण त्या दिवशी ठेवावा, तिळगूळ वाटावा. पण सूर्य कधी वळला हे घरातल्या मुलाला माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

कपिलाषष्ठीचा योग हाही असाच निसटलेला. दुर्मीळ गोष्टीला आपण हे नाव देतो. त्याला भाद्रपद वद्य षष्ठी लागते, मंगळवार लागतो, रोहिणी नक्षत्र लागतं, व्यतीपात योग लागतो, आणि सूर्य हस्त नक्षत्रात लागतो. ही सगळी एका दिवशी यायची म्हणजे काय, ते ज्याने गणित मांडून पाहिलं त्यालाच कळतं. व्यतीपाताचा तर आपण आणखी एक उपयोग केला: घर डोक्यावर घेणाऱ्या पोराला वितिपात म्हणायला लागलो.

पण पाहणं हे श्रद्धेबाहेरचं कधीच नव्हतं, याचा पुरावा खुद्द धर्मशास्त्रात आहे. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, १७९० सालचा धर्मसिंधु हा महाराष्ट्रातल्या आचाराचा मुख्य आधार. त्यात ग्रहणाचा पुण्यकाळ चाक्षुष दर्शनाला बांधलेला आहे. चक्षु म्हणजे डोळा. डोळ्यांना दिसतं तोवर पुण्यकाळ. ग्रहण आपल्या गावातून दिसत नसेल तर ते पाळायचं नाही. नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही असं विरळ सावलीचं चंद्रग्रहण पाळायचं नाही. ‘हे ग्रहण भारतातून दिसणार नाही, वेधादि नियम पाळू नयेत’ असं आजही पंचांगात छापतात ते यामुळेच. ज्या नियमाने खिडक्या बंद करून घरात बसायला लावलं असं आपण समजतो, त्याची पहिली अट ग्रहण दिसणं ही आहे. गरोदर बाईने अंधाऱ्या खोलीत हलायचं नाही, भाजी चिरायची नाही, असली भीती तिच्यावर घालणं मला क्रूर वाटतं. त्याला सूर्याचा आधार नाही, चंद्राचा नाही. तिला खुर्ची देऊन चंद्रग्रहण दाखवावं.

२ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. इजिप्त आणि अरबस्तानात ते खग्रास दिसेल, महाराष्ट्रातून दुपार कलल्यावर खंडग्रास. तिथी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस. वेध मानणाऱ्या घरांत ते पहाटेपासून लागतील. मानावेत, त्यात कुणाचं काही जात नाही. दिवस पावसाळ्याचे आहेत, ढग जागा देतील की नाही सांगता येत नाही. दिली, तर सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. सोनार मोत्याला किंवा कानाला भोक पाडतो त्याला वेज म्हणतात. तोही वेधच, जिभेवर झिजलेला. जाड कागदाला टाचणीने तसा एक बारीक वेज पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि कागद असा धरा की त्या भोकातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पडेल. उजेडाच्या त्या वाटोळ्या ठिपक्याची एक कड खाल्लेली दिसेल.